महिनोन् महिने सर्दी, सटासट शिंका, चोंदलेलं नाक: मेडिकलच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे, एसटी स्टँडच्या समोरच, आणि मी फार्मासिस्ट म्हणून गेली सोळा वर्षं काउंटरला उभी आहे. नाक पुसत पुसत येऊन "ताई, सर्दीची एक गोळी द्या की" म्हणणारे रोज किती येतात त्याला गणतीच नाही. मला स्वतःला कॉलेजात असल्यापासून धुळीची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे नाक बंद झालं की रात्र कशी जाते, तोंडाने श्वास घेऊन घेऊन सकाळी घसा कसा कोरडा पडतो, हे मला कुणी सांगायला नको. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण सोळा वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीये, की आपण दहा वेगवेगळ्या त्रासांना "सर्दी" हा एकच शब्द वापरतो आणि मग दहाही त्रासांवर तीच गोळी खात बसतो. म्हणून जे प्रश्न रोज येतात ते एकदा नीट लिहून काढतेय.

महिना झाला सर्दी जातच नाही, ही कसली सर्दी?

साधं पडसं व्हायरसने होतं आणि ते आठ-दहा दिवसांत आपलं आपण जातं, थोडा खोकला मागे रेंगाळतो इतकंच. त्यात बहुतेक वेळा आधी घसा दुखतो, अंग कसकसतं, कधी बारीक ताप येतो, पहिले दोन दिवस नाकातून पाणी आणि मग घट्ट शेंबूड. तुमचं नाक महिना महिना गळत असेल, ताप नाही, अंगदुखी नाही, पण नाकात आणि टाळूला खाज, डोळे चुरचुरतात, एका दमात आठ-दहा शिंका, आणि जे येतं ते पाण्यासारखं पातळ, तर ती बहुतेक अ‍ॅलर्जी असते. डॉक्टर लोक तिला अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ चाललं की ती चिवट प्रकारातली धरतात.

आत काय होतं तर तुमच्या शरीराने एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला, म्हणजे परागकणाला किंवा धुळीतल्या कशाला तरी, शत्रू मानलेलं असतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं बनवून ठेवलेली असतात. ती गोष्ट पुन्हा नाकात गेली की नाकातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, मग खाज, शिंका, पाणी. हे सगळं काही मिनिटांत होतं. नाक चोंदणं मात्र नंतर तासन् तास राहतं, आणि म्हणूनच शिंका थांबल्या तरी डोकं दिवसभर जड वाटतं.

सकाळी उठल्या उठल्याच शिंका का येतात? दिवसभर तर ठीक असतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं उत्तर बहुतेकदा गादीत असतं. गादी, उशी, गोधडी, पांघरूण यात डस्ट माइट नावाचे बारीक किडे राहतात, साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे, डोळ्यांना दिसत नाहीत, चावतही नाहीत. आपल्या अंगावरून रोज गळणाऱ्या कातडीच्या बारीक कणांवर जगतात. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. हे कण जड असतात, हवेत फार वेळ टिकत नाहीत, पण आपण पांघरूण झटकलं, गादीवर कूस बदलली की उडतात आणि सरळ नाकात. सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आलेली असताना गोधडी एकदा झटकून बघा, त्या तिरपीत जे चमकत चमकत खाली येताना दिसतं ना, त्यातच नाक घालून आपण सात-आठ तास झोपलेलो असतो.

माझंच सांगते. माहेरी आजीने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी होती, सात-आठ थरांची, जड आणि उबदार, आणि ती मी लग्नानंतरही जिवापाड जपली. ती धुणं म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम म्हणून वर्षातून एकदाच धुवायची. माझ्या सकाळच्या शिंका आणि ती गोधडी यांचा संबंध आहे हे माझ्या डोक्यात यायला कितीतरी वर्षं लागली, आणि मी तर औषधांच्या दुकानात उभी असते. आता ती घडी करून काचेच्या कपाटात आहे, अंगावर घेत नाही.

करायचं काय तर उशीचे अभ्रे, चादरी, पांघरुणं आठवड्याला गरम पाण्यात धुवायची, साधारण ६० अंशाच्या, कारण कोमट पाण्यात हे किडे मरत नाहीत. गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली कव्हरं मिळतात ती घालायची. माइटला दमट हवा लागते, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचं जगणं मुश्किल होतं, म्हणून गाद्या कडक उन्हात टाकायची आपली जुनी पद्धत एकदम बरोबर आहे. फक्त नंतर काठीने बडवायचं काम ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने करू नये, आणि घरात तर नाहीच. कापसाची जुनी गादी असेल तर पिंजून घेण्यापेक्षा बदललेली बरी असं माझं मत आहे. केरसुणीने झाडण्याआधी ओलं फडकं मारा.

पावसाळ्यात आणि नंतर ऑक्टोबरात त्रास का वाढतो?

पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कपाटाच्या मागे, बाथरूमच्या कोपऱ्यात, कोकणात तर चपलांवर आणि बॅगांवरसुद्धा बुरशी धरते, आणि तिचे बीजाणू हवेत फिरतात. कपडे घरातच वाळत घातलेले, खिडक्या बंद, म्हणजे माइटचीही चंगळ. झुरळंही याच दिवसांत वाढतात आणि झुरळांची अ‍ॅलर्जी आपल्याकडे चांगलीच आढळते, याची लोकांना कल्पनाच नसते.

पाऊस सरता सरता गवत फुलावर येतं आणि गवताचे परागकण वाऱ्यावर उडतात. त्यातच ते गाजर गवत, काही जण काँग्रेस गवत म्हणतात, काही चटकचांदणी. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली, आज असा एक बांध नाही, एक मोकळा प्लॉट नाही जिथे ते नाही. त्याने कुणाच्या अंगाला खाज उठते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला दोन्ही. उपटायचं तर फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून.

पुण्या-मुंबईत राहणारे सातविणीबद्दल विचारतात, म्हणजे सप्तपर्णी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी तिच्या फुलांचा वास इतका उग्र सुटतो की काहींचं डोकं चढतं आणि शिंका सुरू होतात. तिथे बऱ्याच जणांना परागापेक्षा तो वासच झोंबत असतो. त्यानंतर लगेच दिवाळीची साफसफाई, माळ्यावरची वर्षभराची धूळ, फटाक्यांचा धूर, हिवाळ्यातली खाली साचून राहणारी हवा, असं एकामागून एक येत राहतं. आमच्या दुकानात दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सर्दीच्या गोळ्यांचा जो खप होतो तो भर पावसाळ्यातही होत नाही. माळा काढायचाच असेल तर ज्याला त्रास आहे त्याला त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे पाठवा, किंवा निदान एन-९५ मास्क घालू द्या, ओढणी बांधून बारीक धूळ अडत नाही.

फोडणीचा ठसका, अगरबत्ती, एसी, सेंट, कशानेही नाक वाहायला लागतं. टेस्टमध्ये तर अ‍ॅलर्जी नाही आली.

मग ती अ‍ॅलर्जी नसूही शकते. नाकातल्या नसाच जास्त हळव्या झालेल्या असतात आणि गार हवा, उग्र वास, धूर, हवामान बदलणं अशा कशानेही त्या खवळतात, याला व्हॅसोमोटर ऱ्हायनायटिस म्हणतात. यात खाज कमी, डोळे फारसे चुरचुरत नाहीत, पण नाक गळतं आणि चोंदतं. झणझणीत मिसळ खाताना नाकातून पाणी येतं तोही यातलाच प्रकार, तिखटातल्या कॅप्सेसिनने नाकाच्या नसा चेतवल्या जातात. तसं जेवताना होतं तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण घरातल्या बाकीच्यांनी एवढं तरी करावं, की बंद खोलीत धूप, कॉइल आणि अगरबत्ती एकाच वेळी लावू नये. कॉइलचा धूर तर न हळव्या नाकालाही बरा नाही. एसी असेल तर त्याची जाळी पंधरा दिवसांनी धुवा आणि हवेचा झोत तोंडावर घेऊ नका.

तपकीर ओढणाऱ्या आजी-आजोबांनाही हे सांगते. "शिंक आली की डोकं मोकळं होतं" म्हणतात, पण रोजच्या तपकिरीने नाकाचं आतलं अस्तर सतत चुरचुरत राहतं आणि त्यात तंबाखू आहे ती वेगळीच.

डॉक्टर म्हणाले नाकाचं हाड वाढलंय. ऑपरेशन करावंच लागतं का?

हाड वाढतं असं आपण म्हणतो, खरं तर दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा वाकडा असतो, आणि थोडा वाकडा तर कितीतरी लोकांचा असतो ज्यांना काहीच त्रास नाही. वाकड्या पडद्याने नाक बंद राहतं, बऱ्याचदा एकच बाजू कायम. पण शिंका आणि खाज ही काही पडद्यामुळे येत नाही. शिंकांसाठी ऑपरेशन करून घेतलेले आणि सहा महिन्यांनी परत शिंकत आमच्याकडे आलेले लोक मी पाहिलेत, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण पैसेही गेले आणि विश्वासही गेला. आपला त्रास चोंदण्याचा आहे की शिंकांचा, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि ऑपरेशनने यातलं नेमकं काय जाईल ते आधी विचारून घ्या.

"मांस वाढलंय" म्हणतात ते दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे नाकातल्या नैसर्गिक घड्या अ‍ॅलर्जीने सुजलेल्या असतात, त्या औषधाने बऱ्याच बसतात. दुसरं म्हणजे पॉलिप, सोललेल्या द्राक्षासारखे मऊ फुगे, यात वास येणं हळूहळू बंद होतं. पॉलिप आणि दमा दोन्ही असणाऱ्या काही लोकांना अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळीने एकदम धाप लागते, त्यांनी कुठलीही पेनकिलर घेताना मेडिकलवाल्याला हे आधी सांगायलाच हवं.

नाकात टाकायचे ड्रॉप लगेच काम करतात, मग तेच का नको?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे मला रोज दिसतं. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे जे नाक मोकळं करणारे थेंब आहेत ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, दोन-तीन मिनिटांत श्वास मोकळा, जादूच वाटते. पण सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की उलटा खेळ सुरू होतो, औषधाचा असर उतरला की रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग परत थेंब, परत बंद. म्हणजे आता औषधानेच नाक चोंदतंय.

एक काका दर चार दिवसांनी बाटली न्यायला यायचे. ट्रक चालवायचे, शर्टच्या खिशात बाटली, गाडीच्या डॅशबोर्डवर एक, उशीखाली एक. एकदा माझ्यासमोर काउंटरवरच झाकण काढून डोकं मागे टाकून दोन्ही नाकपुड्यांत पिळली आणि मग म्हणाले, "हां, आता बोला." मी विचारलं किती दिवस, तर म्हणाले दोन वर्षं झाली असतील. त्या दिवशी मी त्यांना बाटली दिली नाही, ते चिडले, पैसे देतोय ना म्हणाले, पण शेवटी बायकोला घेऊन कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे सुरू करून आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करायला लावले आणि ती मोकळी राहायला लागल्यावर दुसरीतले. पहिला आठवडा फार वाईट गेला, रात्री बसून काढल्या म्हणाले. पण सुटले. आता मी थेंबांच्या बाटलीवर स्केचपेनने मोठ्ठं "५ दिवस" लिहून देते.

बीपी, हृदयविकार, काचबिंदू असेल तर हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

रोज एक सर्दीची गोळी घेतली तर काय बिघडतं?

कुठली गोळी ते बघावं लागेल. स्ट्रिपमधल्या "सर्दी-तापाच्या" गोळीत बहुतेक तीन गोष्टी असतात, पॅरासिटामॉल, सीपीएम म्हणजे क्लोरफेनिरामिन, आणि फिनाइलेफ्रिन. ताप नसताना रोज पॅरासिटामॉल कशाला? सीपीएमने भयंकर झोप येते. आणि पोटातून घेतलेल्या फिनाइलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असं अमेरिकेतल्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलंय.

अ‍ॅलर्जीसाठी नवीन प्रकारच्या गोळ्या बऱ्या, त्यातही सेटिरिझिन आणि लेवोसेटिरिझिनने काहींना गुंगी येते तेव्हा गाडी चालवणाऱ्यांनी, मळणीयंत्रावर काम करणाऱ्यांनी रात्रीच घ्यावी. फेक्सोफेनाडिनने झोप कमी येते, पण ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगाला नीट लागत नाही.

लेवोसेटिरिझिनबरोबर माँटेलुकास्ट असलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास चालते, जुनी चिठ्ठी दाखवून लोक वर्ष वर्ष नेतात. माँटेलुकास्टने काही जणांना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदास वाटणं, अगदी जीव नकोसा वाटणं असं होऊ शकतं, आणि म्हणून एफडीएने मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. सगळ्यांना होतं असं नाही. पण ते सुरू केल्यापासून मुलाचं वागणं बदललं असं वाटलं तर थेट डॉक्टरांना फोन करा.

स्प्रेमध्ये स्टेरॉइड असतं म्हणे. सवय लागते का?

नाही लागत. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड हे स्प्रे नाकापुरतेच काम करतात, रक्तात फार कमी जातात, आणि सततच्या अ‍ॅलर्जीत नाक चोंदणं, शिंका, पाणी या सगळ्यावर गोळीपेक्षा जास्त चालतात. लोक सोडून देतात ते दोन कारणांनी. एक म्हणजे हे थेंबांसारखं लगेच चालत नाही, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्या दिवशी येऊन म्हणतात ताई तुमचा स्प्रे बोगस आहे. दुसरं म्हणजे मारायची पद्धत चुकते.

मी काउंटरवर रिकामी बाटली ठेवलीये दाखवायला. आधी बाटली हलवायची, नाक हलकंच शिंकरून साफ करायचं, मान किंचित खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, म्हणजे आपोआप टोक बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर मारलं की पडदा कोरडा पडतो आणि रक्त येतं. मारल्यावर जोरात सूं करून ओढायचं नाही, औषध घशात उतरतं आणि वाया जातं. हे एवढं दोन मिनिटांत दाखवलं की निम्म्या तक्रारी संपतात. किती दिवस मारायचा हे मात्र डॉक्टरच ठरवणार, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

पिवळा-हिरवा शेंबूड येतोय, अँटिबायोटिक द्या ना.

रंग बदलला म्हणजे जंतू झालेच असं नाही, साध्या व्हायरल सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी तसा होतो. दहा दिवस उलटूनही कमी नाही, किंवा बरं वाटून परत एकदम वाढलं, गाल किंवा कपाळ ठणकतं, ताप चढतो, तर डॉक्टरांना दाखवा, सायनसचं असू शकतं. बारा आठवड्यांच्या वर चाललं तर जुनाट सायनसायटिस. चिठ्ठीशिवाय मी अँटिबायोटिक देत नाही, कितीही ओळखीचं असलं तरी.

लहान मुलाचं नाक कायम वाहतं, घोरतो पण. काय करू?

तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, वारंवार कान दुखणं असं असेल तर नाकाच्या मागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. मूल सारखं तळहाताने नाक वर ढकलत असेल, नाकावर आडवी रेघ पडली असेल, तर अ‍ॅलर्जी.

आणि हे प्रत्येक आईने लक्षात ठेवावं, की एकाच नाकपुडीतून घाण वासाचं, रक्त मिसळलेलं येत असेल तर मुलाने नाकात काहीतरी घातलंय असं धरून चाला. चिंचोका, हरभऱ्याचा दाणा, मणी, खोडरबरचा तुकडा. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, आत सरकतं. खेळण्यातला बटणासारखा सेल असण्याची शंका आली तर त्याच घटकेला दवाखाना, तो सेल काही तासांत नाकाचा पडदा जाळून भोक पाडतो.

क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय, तेव्हा मोठ्या भावंडाची उरलेली बाटली धाकट्याला पाजू नका. अजून एक, बाळाला अंघोळीनंतर ओवा-धुपाची धुरी द्यायची पद्धत घरोघरी आहे. ती मायेपोटीच देतात, मला माहितीये, माझ्या सासूबाईंनी माझ्या लेकीलाही द्यायला घेतली होती. पण धूर तो धूरच, एवढ्याशा नाकाला तो नकोच. बाळाच्या टाळूवर वेखंडाची पूड लावतात ती पण उडून नाकात जाते.

वाफ आणि जलनेतीने बरं होतं का?

वाफेने थोडा वेळ मोकळं वाटतं, अ‍ॅलर्जी जात नाही. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकवू नका, भाजल्याच्या केसेस अशाच होतात.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं खरंच उपयोगी आहे, धूळ-पराग धुऊन जातात. पण पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं, विहिरीचं, बोअरचं थेट नको. पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यातून वाचणारे फार थोडे. केरळमध्ये अलीकडे अशा केसेस झाल्यात. प्रमाण साधारण एक लिटरला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. भांडं दर वेळी धुऊन वाळवायचं.

कशाची अ‍ॅलर्जी आहे ते टेस्टमध्ये कळतं का?

कळतं, पण टेस्ट आणि तुमचा रोजचा अनुभव जुळला तरच तिला अर्थ. स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर वेगवेगळे थेंब टाकून सुईने हलकंसं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का बघतात. त्याआधी पाच-सात दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळंच निगेटिव्ह येतं. रक्तातलं नुसतं एकूण आयजीई वाढलेलं दिसलं म्हणजे काही कळलं असं होत नाही, पोटात जंत असले तरी ते वाढतं. आणि शंभर-दोनशे खाद्यपदार्थांचं पॅनेल करून लोक दही, केळी, वांगं, टोमॅटो सगळं बंद करून बसतात, शिंकांसाठी त्याचा उपयोग जवळपास नसतोच. गरीब माणसाचे पैसे त्यात गेलेले बघवत नाहीत.

नेमकं कारण सापडलं आणि औषधांनी भागत नसेल तर इम्युनोथेरपी असते, त्याच गोष्टीचे बारीक बारीक डोस इंजेक्शनने किंवा जिभेखाली, साधारण तीन ते पाच वर्षं. पहिल्यांदा लंडनमध्ये १९११ साली हा प्रयोग छापून आला, म्हणजे शंभर वर्षांहून जुना उपचार आहे. चिकाटी मात्र हवी, आणि अ‍ॅलर्जीचं काम जाणणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

याचा दमा होतो का?

नाक आणि फुप्फुसं ही एकच वाट आहे. दमा असणाऱ्या बहुतेकांना नाकाचाही त्रास असतो, आणि नाकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांपैकी काहींना पुढे दमा होतो. रात्री खोकला, छातीत सूं सूं, जिना चढताना धाप, यातलं काहीही असेल तर छाती तपासून घ्या.

गरोदरपणात नाक बंद राहतंय, चालेल का?

हार्मोन्समुळे बऱ्याच जणींना होतं आणि बाळंतपणानंतर एक-दोन आठवड्यांत जातं. तोवर मिठाच्या पाण्याने धुणं, उशी उंच. मनाने गोळी नाही.

मुलगा परदेशात गेला आणि तिथे शिंका सुरू झाल्या, इथे तर कधी नव्हत्या.

असं खूप होतं. नव्या देशातले पराग शरीराला पहिल्या एक-दोन वर्षांत ओळखीचे होतात आणि मग अ‍ॅलर्जी उमटते. अमेरिकेत रॅगवीड नावाचं तण, युरोपात बर्चची झाडं, जपानात सुगी नावाचा देवदारासारखा वृक्ष. मेलबर्नला कुणी असेल तर त्यांना मुद्दाम सांगा, तिथे २१ नोव्हेंबर २०१६ ला वादळात गवताचे परागकण फुटून हवेत पसरले, हजारोंना धाप लागली आणि दहा माणसं गेली, त्यात आपल्या उपखंडातलेही होते. वसंतात गवताने शिंका येणाऱ्याने तिथे वादळाच्या दिवशी दारं-खिडक्या लावून घरात बसायचं.

उन्हात पाऊल टाकलं की शिंक येते, हे काय?

आजार नाही. प्रखर उजेडाने शिंक येणं घराण्यात चालत येतं, तुमच्या आई-वडिलांपैकी एकाला विचारून बघा.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जायचं?

कायम एकाच बाजूचा त्रास, विशेषतः त्यातून रक्त येत असेल. डोळ्याभोवती सूज, नजर धूसर किंवा दोन-दोन दिसणं. ताप आणि प्रचंड डोकेदुखी, मान ताठ. डोक्याला मार लागल्यानंतर एका नाकपुडीतून खाली वाकलं की खारट पाणी टपटपणं, हे मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, त्याला सर्दी समजून बसू नका. आणि सुतारकाम करणाऱ्यांनी, लाकडाच्या भुश्यात आयुष्य गेलेल्यांनी एका बाजूचं बंद नाक अजिबात अंगावर काढू नये, त्यांना नाकातल्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगू? तिथे गेल्यावर काही आठवतच नाही.

एक वही करा, शाळेची दहा रुपयांची चालते. तीन आठवडे रोज चार गोष्टी लिहा, किती वाजता त्रास झाला, तेव्हा कुठे होतात, काय करत होतात, कुठलं औषध घेतलं. आमच्या गल्लीतले एक पीठगिरणीवाले वर्षानुवर्षं "मला हवा मानवत नाही" म्हणायचे, त्यांना मी ही वही करायला लावली. तीन आठवड्यांनी आणली तेव्हा पानांना पीठ लागलेलं. सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते बारा शिंका, गुरुवार सोडून प्रत्येक पानावर. मधल्या तिन्ही गुरुवारी लाइट नसते म्हणून गिरणी बंद, तिथे त्यांनी नुसतं "आज बरं होतं" लिहिलेलं, आणि रविवारी काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं रविवारी का नाही लिहिलं, तर म्हणाले, "ताई, रविवारी शेतावर असतो, त्रासच नव्हता, काय लिहू?" ती वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, डॉक्टरांनी पहिली दोन पानं वाचली आणि विचारलं, गव्हाचं पीठ किती वर्षं दळताय?